पेशी मरताना काय सांगून जाते

गव्हावर तांबेरा आलाय का, हे बघायला शेतकरी पान दोन बोटांत धरून चोळतो. बोटाला विटकरी भुकटी लागली की समजायचं, रोग बसला. ती भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. वाऱ्यावर उडून ते पुढच्या शेतात पोचतात. काही वाणांच्या पानांवर मात्र वेगळंच दिसतं. टाचणीच्या टोकाएवढे फिकट, वाळके ठिपके पडलेले असतात आणि बोटाला काहीच लागत नाही. नवख्याला हे पान आजारी वाटेल, पण त्या पानानं रोग परतवलेला असतो. बुरशीचा धागा ज्या पेशीपाशी पोचला ती पेशी, आणि तिला लागून असलेल्या काही पेशी, आपणहून मेल्या. तांबेऱ्याची बुरशी फक्त जिवंत पेशीतून अन्न ओढू शकते. पेशीच मेल्यावर तिची तिथंच उपासमार होते.

सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरला, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. गेरवा म्हणजे हाच तांबेरा. तिथली थंड, दमट हवा या बुरशीला मानवते, त्यामुळे कुठला वाण तिच्यापुढे टिकतो हे पारखायला ती जागा सोयीची. गेरव्यावर काम करणाऱ्यांची एक पद्धत जगभर रुळलेली आहे. कोवळ्या रोपांवर बीजाणू सोडायचे, दोनेक आठवडे थांबायचं आणि पानाला 0 ते 4 मध्ये गुण द्यायचे. 4 म्हणजे पान भुकटीनं माखलेलं. नुसते वाळके ठिपके दिसले तर वहीत आकडा लिहीत नाहीत, अर्धविरामाचं चिन्ह काढतात. पैदासकार ज्या रोपांवर नजर ठेवून असतो, त्यांच्यापुढे अनेकदा हेच चिन्ह असतं. मिनेसोटा विद्यापीठातल्या एल्विन स्टॅकमन यांनी 1915 साली नोंदवलं होतं की प्रतिकारक रोपात बुरशीच्या आसपासच्या पेशी विलक्षण लवकर मरतात. त्या का मरतात, मरायचं कोण ठरवतं, हे कळायला मात्र पुढची शंभर वर्षं लागली.

वेळ आली की पेशी ठरवून मरते आणि मरता मरता आजूबाजूच्या पेशींना खबर देते. हे गव्हात आहे, अळीत आहे, तुमच्या-माझ्यात आहे. मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट: पेशी मेली की नाही, यापेक्षा ती कशी मेली हे शरीराला जास्त कळतं, आणि त्यावरून पुढचं ठरतं. गप्प राहायचं, की ताप आणून, सूज आणून सगळ्या रोगप्रतिकार यंत्रणेला उठवायचं.

गुपचूप जाणाऱ्या पेशी

2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार आपल्या शरीरात रोज सुमारे 33 हजार कोटी पेशी जातात आणि जवळजवळ तितक्याच नव्या येतात. त्यातल्या बहुतेक रक्तातल्या असतात, त्याखालोखाल आतड्याच्या अस्तरातल्या. इतकं मरण रोज चालू असून ना ताप, ना सूज, ना दुखणं.

यामागचं कारण पहिल्यांदा नीट दिसलं ते ऑस्ट्रेलियातले पॅथॉलॉजिस्ट जॉन केर यांना. उंदरांच्या यकृताचा रक्तपुरवठा कमी केल्यावर तिथल्या काही पेशी फुटण्याऐवजी आक्रसून, तुकडे होऊन नाहीशा होताना त्यांनी पाहिल्या. 1972 साली अँड्र्यू वायली आणि अ‍ॅलास्टेअर करी या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी या मरणाला अ‍ॅपॉप्टोसिस हे नाव दिलं.

साताऱ्याच्या जुन्या पेठांत वाडा उतरवताना अनेकांनी पाहिला असेल. आधी दारं-खिडक्या निघतात, मग कौलं, मग वासे आणि तुळया. एकेक वस्तू खाली घेऊन तिचा वेगळा ढीग लागतो, आणि शेजारच्या भिंतीला ओरखडाही येत नाही. तोच वाडा एखाद्या पावसाळी रात्री कोसळला तर धुरळा, आरडाओरडा आणि सगळी आळी रस्त्यावर. अ‍ॅपॉप्टोसिस म्हणजे पेशी उतरवणं. कॅस्पेज नावाची विकरं पेशीतली ठरावीक प्रथिनं ठरावीक जागीच कापतात. केंद्रकातल्या डीएनएचे तुकडे पडतात, पेशी लहान होत जाते आणि तिच्या छोट्या छोट्या पुड्या बनतात. या सगळ्यात बाहेरचं पटल फाटत नाही, त्यामुळे आतला माल बाहेर सांडत नाही.

पटलात एक बदल मात्र होतो. फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा स्निग्ध पदार्थ एरवी पटलाच्या आतल्या बाजूला राखलेला असतो. मरणाऱ्या पेशीत तो बाहेरच्या बाजूला येतो. आसपास फिरणाऱ्या मॅक्रोफेज पेशींना ती खूण ओळखता येते. शास्त्रज्ञ तिला ‘मला खा’ असा संकेतच म्हणतात. मॅक्रोफेज त्या पुड्या गिळून टाकते आणि वर दाह शमवणारे संकेतही सोडते. म्हणजे इथं मरणारी पेशी काही सांगतच नाही असं नाही. ‘सगळं ठीक आहे, कुणी उठू नका’ हा तिचा निरोप असतो, आणि तो पोचतोही.

हा निरोप वेळेवर पोचला नाही तर काय होतं? न उचललेल्या पुड्या कालांतरानं फुटतात, केंद्रकातला माल उघड्यावर येतो आणि प्रतिकारशक्ती त्यालाच परका समजू लागते. ल्युपस या आजारात स्वतःच्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. मेलेल्या पेशी साफ करण्यातली ढिलाई हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. मुळात प्रतिकारशक्ती घडते तीसुद्धा याच मरणातून. छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत ज्या टी-पेशी तयार होतात त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक तिथंच मरतात. काही निरुपयोगी म्हणून, काही आपल्याच शरीरावर उलटतील म्हणून. ज्या मुलांत फास नावाच्या जनुकात बिघाड असतो, त्यांच्या शरीरात मरायला हव्या त्या लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, जगत राहतात, गाठी आणि पानथरी फुगते, आणि त्याच पेशी स्वतःच्या रक्तपेशींवर हल्ला करतात.

सूत्रकृमीत सापडलेला धागा

मरणाची जनुकं सापडली ती एक मिलिमीटर लांबीच्या, पारदर्शक सूत्रकृमीत. सी. एलेगन्स हे त्याचं नाव. याच्या वाढीत शरीराच्या 1090 पेशी तयार होतात आणि त्यातल्या नेमक्या 131 मरतात, प्रत्येक कृमीत त्याच आणि त्याच वेळी. रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेनं त्या 131 पेशी मरू न देणारे बिघाड शोधले आणि त्यावरून जनुकं ओळखली. या कामासाठी 2002 सालचं नोबेल हॉर्विट्झ, सिडनी ब्रेनर आणि जॉन सल्स्टन यांना मिळालं.

इथपर्यंतची कथा पाठ्यपुस्तकात असते. माझ्या मते खरी कलाटणी 1993 सालची आहे. कृमीतल्या सेड-3 या मरणाच्या जनुकाची अक्षरं वाचून झाली तेव्हा ती माणसातल्या एका माहीत असलेल्या विकराशी जुळली. त्या विकराचा मरणाशी संबंध आहे असं तोवर कुणी धरलेलं नव्हतं. ते इंटरल्यूकिन-1 बीटा या प्रथिनाला कापून कामाला लावतं, आणि इंटरल्यूकिन-1 म्हणजे आपल्याला ताप आणणाऱ्या मुख्य संकेतांपैकी एक. मरण घडवणारं विकर आणि ताप आणणारं विकर एकाच घराण्यातलं निघालं. आज आपण त्या तापाच्या विकराला कॅस्पेज-1 म्हणतो. पेशीमृत्यू आणि प्रतिकारशक्ती हे दोन वेगळे विषय राहिले नाहीत ते तेव्हापासून.

अळीच्या पेशीतला डाव

विषाणूला पेशी जिवंत हवी असते, निदान त्याच्या हजारो प्रती तयार होईपर्यंत. म्हणून संसर्ग कळताच पेशीनं मरून जाणं हा विषाणूवरचा सर्वांत जुना उपाय, आणि ते मरण रोखणं हा विषाणूचा प्रतिडाव.

आपल्याकडे माण-खटाव, जतच्या रानात हरभऱ्यावरच्या घाटे अळीसाठी एचएएनपीव्ही हा अळीला मारणारा विषाणू फवारतात. फवारल्यावर काही दिवसांनी अळ्या झाडाच्या शेंड्याकडे चढून उलट्या लटकतात आणि आतून पाण्यासारख्या होऊन जातात. त्यांतून पुन्हा विषाणू पानांवर सांडतात. याच बॅक्युलोव्हायरस कुळातल्या एका विषाणूवर अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात लॉइस मिलर यांच्या प्रयोगशाळेत काम चालू होतं. अमेरिकन लष्करी अळीच्या कोषाच्या अंडाशयातून वाढवलेल्या पेशी त्यांनी वापरल्या. हीच अळी 2018 पासून आपल्या मक्याच्या पोंग्यात बसलेली आहे. साधा विषाणू या पेशींत घातला की त्या बराच काळ तग धरून विषाणू बनवत राहायच्या. पी-35 हे एक जनुक बिघडलेला विषाणू घातला की त्याच पेशी बुडबुडे येऊन तुकड्या-तुकड्यांत मोडायच्या आणि विषाणूचं पीक घसरायचं. 1991 साली हे प्रसिद्ध झालं. पी-35 चं काम एकच, कॅस्पेजला जखडून ठेवणं. विषाणूनं मरणाचं कुलूप घालायला जनुक बाळगलेलं असतं, यावरून ते मरण त्याला किती महागात पडतं ते कळतं. गाईंच्या देवीच्या विषाणूतही असंच जनुक आहे. क्षयाचे जहाल जंतूही मॅक्रोफेजला शांतपणे मरू देत नाहीत.

आवाज करून मरणं

आता पेशीपुढे पेच येतो. शांत मरणाचा रस्ता विषाणूनं अडवला, किंवा जंतू असा आहे की नुसतं मरून भागणार नाही, इतरांना उठवायलाच हवं. अशा वेळी पेशी दुसऱ्या पद्धतीनं मरते. त्या पद्धतीला 2001 साली पायरोप्टोसिस हे नाव मिळालं.

पेशीच्या आत काही प्रथिनं सतत पहारा देत असतात. जंतूचा एखादा भाग, फुटलेल्या पटलाची खूण, नको तिथं डीएनए, असं काही जाणवलं की ती एकमेकांना चिकटून मोठा गठ्ठा तयार करतात. युर्ग चॉप यांच्या स्वित्झर्लंडमधल्या गटानं 2002 साली त्याला इन्फ्लमासोम म्हटलं. या गठ्ठ्यावर कॅस्पेज-1 जागं होतं आणि दोन गोष्टी कापतं. एक, मघाचं इंटरल्यूकिन-1 बीटा. दुसरी, गॅसडर्मिन-डी नावाचं प्रथिन. 2015 साली बीजिंगच्या फेंग शाओ यांच्या आणि जेनेनटेक कंपनीतल्या विश्व दीक्षित यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की पेशी मारणारं हत्यार ते हेच. गॅसडर्मिनच्या दोन भागांपैकी एक दुसऱ्याला दाबून धरतो. मधोमध काप बसला की मोकळा झालेला तुकडा पेशीपटलात जाऊन गोल भोकं पाडतो. त्या भोकांतून इंटरल्यूकिन बाहेर पडतं, ताप चढतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या जागी धावतात.

भोकं पडल्यावर पाणी आत शिरून पेशी आपोआप फुटते, असं सगळे धरून चालले होते. 2021 साली दीक्षित यांच्याच गटानं ते खोटं ठरवलं. निन्जुरिन-1 हे प्रथिन नसलेल्या पेशींत भोकं पडली, इंटरल्यूकिन बाहेर आलं, पेशी मेल्याही. पण त्या फुग्यासारख्या तशाच राहिल्या, फुटल्या नाहीत. म्हणजे शेवटचं फुटणंसुद्धा पेशी मुद्दाम घडवून आणते.

फुटल्याचा पुरावा तुमच्या घरातल्या फायलीत असू शकेल. 2021 च्या उन्हाळ्यात सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत कोविडची दुसरी लाट भरात होती तेव्हा सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन हे शब्द घराघरांत तोंडी बसले. त्याच रिपोर्टात एलडीएच नावाची एक ओळ असायची. एलडीएच हे पेशीच्या आत राहणारं विकर आहे. आकारानं मोठं असल्यानं गॅसडर्मिनच्या भोकातून ते सहजी निघत नाही. पटल फाटलं तरच भरभरून रक्तात येतं. प्रयोगशाळेत पेशी फुटून मेल्या की शांतपणे मेल्या हे ठरवायलाही बाहेरच्या द्रवातलं एलडीएचच मोजतात. रक्तात ते वाढण्याची कारणं अनेक आहेत, यकृत, हृदय, स्नायू, तांबड्या पेशी कुठूनही ते येऊ शकतं. पण कुठंतरी पेशींचं पटल फाटतंय, एवढं तो आकडा नक्की सांगतो.

जंतू नसतानाही हा गठ्ठा जमू शकतो. पायाच्या अंगठ्याचा सांधा रात्रीतून लालबुंद होतो, चादर लागली तरी सहन होत नाही, हे दुखणं युरिक अ‍ॅसिडवाल्यांना विचारा. 2006 साली चॉप यांच्या गटानं दाखवलं की सांध्यात साचलेले युरेटचे स्फटिक मॅक्रोफेजमधला एनएलआरपी-3 हा इन्फ्लमासोम जागा करतात. संसर्ग काहीच नसतो. पहारेकऱ्याला स्फटिकांनी जागं केलेलं असतं.

तिसरी एक पद्धत आहे, नेक्रोप्टोसिस. कॅस्पेज-8 हे विकर चालू असेपर्यंत ती दाबलेली असते. विषाणूनं ते अडवलं की आरआयपीके-3 आणि एमएलकेएल ही प्रथिनं पुढं येऊन पटल फोडतात. शांत मरू देत नसाल तर फुटून मरतो, असा हा हिशेब. याचा सर्वांत सुंदर पुरावा 2011 मधला. कॅस्पेज-8 नसलेले उंदीर गर्भातच दगावतात हे ठाऊक होतं. त्यांच्यातून आरआयपीके-3 सुद्धा काढून टाकलं तर ते जन्मले आणि वाढले. गर्भ दगावत होते ते सुटलेल्या नेक्रोप्टोसिसमुळे.

या तीन वाटा आतून एकमेकींना जोडलेल्या आहेत, हे ठासून मांडलं ते तिरुमला देवी कन्नेगंटी यांनी. मूळच्या तेलंगणातल्या, आता अमेरिकेत मेम्फिसच्या सेंट ज्यूड संशोधन रुग्णालयात. 2019 मध्ये त्यांनी तिन्हींच्या एकत्रित रूपाला पॅनॉप्टोसिस म्हटलं. या नावावर सगळे राजी नाहीत. काही संशोधकांच्या मते तिन्ही वाटा वेगळ्याच आहेत आणि त्या एकाच वेळी चालू होतात इतकंच. मला कन्नेगंटी यांचं कोविडवरचं काम जास्त मोलाचं वाटतं. सायटोकाइनचं वादळ म्हणतात त्यात दहा-बारा संकेत एकदम वाढतात; नेमके घातक कोणते? 2021 साली त्यांच्या गटानं दाखवलं की एकटा कुठलाच पेशी मारत नाही, पण टीएनएफ आणि इंटरफेरॉन-गॅमा ही जोडी एकत्र दिली की मारते. मेलेल्या पेशी आणखी संकेत सोडतात, त्यानं आणखी पेशी मरतात. या दोघांना अडवणारी प्रतिपिंडं दिलेले उंदीर वाचले.

चाकाचे आरे

आता गव्हाकडे. 1998 साली ब्रिटनमधल्या दोघा संशोधकांच्या लक्षात आलं की वनस्पतींतल्या रोगप्रतिकारक प्रथिनांचा एक भाग माणसातल्या एपॅफ-1 आणि कृमीतल्या सेड-4 या मरणाच्या प्रथिनांशी जुळतो. त्यांचा आकार पुढं सूक्ष्मदर्शकातून दिसला. आपल्या पेशीतले सात एपॅफ-1 एकत्र येऊन सात आऱ्यांचं चाक बनवतात आणि त्यावर मरणाचं कॅस्पेज जागं होतं. 2019 साली चिनी संशोधकांनी वनस्पतीतलं चाक पाहिलं, त्याला पाच आरे होते. 2022 मध्ये गव्हातल्या एसआर-35 या काळ्या तांबेऱ्याविरुद्धच्या प्रथिनाचंही पाच आऱ्यांचं चाक दिसलं. ते पटलात बसून कॅल्शियमला आत येऊ देतं आणि पेशी मरते. पानावरच्या त्या एकेका वाळक्या ठिपक्यात ही चाकं फिरून गेलेली असतात. जीवाणूंमध्येही गॅसडर्मिन आहे, हे त्याच वर्षी कळलं. विषाणू शिरलेला जीवाणू भोकं पाडून मरतो आणि भोवतालचे त्याचे भाऊबंद वाचतात.

हळद आणि औषध

सांगलीत राहून या विषयावर लिहायचं तर हळदीला टाळता येत नाही. ‘हळदीनं कॅन्सरच्या पेशी आत्महत्या करतात’ हा मजकूर मोबाइलवर फिरतो आणि त्याला शास्त्रीय आधारही जोडलेला असतो. काचेच्या बशीतल्या कॅन्सर पेशींवर कर्क्युमिन ओतलं की अ‍ॅपॉप्टोसिस होतो, हे दाखवणारे शोधनिबंध खरंच ढिगानं आहेत. पण आपण खातो ते कर्क्युमिन रक्तात जवळजवळ पोचतच नाही, आणि जे पोचतं ते लवकर मोडतं. शिवाय ते प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांत खोटा होकार देतं. 2017 साली रसायनशास्त्रज्ञांनी हे सगळं तपासून सांगितलं की नीट आखलेल्या मानवी चाचण्यांत त्याचं यश सिद्ध झालेलं नाही. आपल्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तिचा रंग, तिचा वास यांचा मला अभिमान आहे. पण तिच्या भरवशावर कुणी केमोथेरपी अर्धवट सोडली की जीव तुटतो. बशीतली पेशी मारणं सोपं असतं. मीठ आणि साबणही ती मारतात.

नेमकी मरणाची वाट उघडून देणारं औषध कसं असतं, हे व्हेनेटोक्लॅक्समध्ये दिसतं. बीसीएल-2 हे प्रथिन पेशीला अ‍ॅपॉप्टोसिसपासून रोखून धरतं. कॅन्सर हा पेशींची वाढ भरमसाट करूनच होतो असं नाही, त्यांना मरू न देऊनही होतो, हे 1988 साली मेलबर्नमध्ये डेव्हिड वॉ, सूझन कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांनी या प्रथिनावरूनच दाखवलं. बीसीएल-2 च्या खाचेत नेमकं बसणारं व्हेनेटोक्लॅक्स 2016 साली अमेरिकेत एका प्रकारच्या दीर्घकालीन रक्ताच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. अडवणूक संपते आणि साठलेल्या पेशी मरू लागतात.

मात्र त्या इतक्या वेगानं मरतात की सफाई करणाऱ्या मॅक्रोफेजना आवरत नाहीत. पेशींतलं पोटॅशियम, फॉस्फेट रक्तात उतरतं, डीएनए मोडून युरिक अ‍ॅसिड वाढतं, मूत्रपिंडं बंद पडू शकतात, हृदयाचे ठोके चुकू शकतात. सुरुवातीच्या चाचण्यांत काही रुग्ण यातच दगावले. म्हणून या कॅन्सरमध्ये पहिल्या आठवड्यात रोज 20 मिलिग्रॅमच देतात, मग 50, 100, 200 असं दर आठवड्याला वाढवत पाचव्या आठवड्यात 400 वर नेतात. भरपूर पाणी, युरिक अ‍ॅसिड उतरवणारी गोळी आणि डोस वाढला की काही तासांत रक्ततपासणी, हे त्या काळात सोबत चालू असतं.